लंबकर्णाचं नवरात्र

मी काकांकडे राहायला गेले तेव्हा भाडं, वीजबिल, पार्किंग यांतलं काहीही ठरायच्या आधी त्यांनी मला दारांचा नियम सांगितला. जे दार जसं सापडेल तसंच ठेवून पुढे जायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद, लोटलेलं असेल तर लोटलेलं. मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय. तिसऱ्या दिवशी मी कपड्यांच्या मशीनच्या खोलीचं दार सवयीनं ओढून घेतलं, तर संध्याकाळी त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती : "हे दार उघडे होते." खाली सही आणि तारीख.

"काका, हे जरा टू मच होतंय," मी म्हणाले.

"डोंगरावर एक फाटक चुकलं की गुरं भलत्याच खोऱ्यात जातात," ते म्हणाले. "सवय घरातच लावावी लागते."

डोंगराशी माझा काय संबंध, हे तेव्हा मला कळलं नाही.

ही दोन हजार दोन सालची गोष्ट. डेन्व्हरमधली माझी कंपनी बुडाली होती, आणि व्हिसा टिकवायचा म्हणून मी कोलोरॅडोच्या पार पश्चिमेकडच्या एका छोट्या गावात हॉस्पिटलांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळायला गेले होते. गावात एकच ट्रॅफिक सिग्नल होता आणि एकच मराठी माणूस. त्यांचा नंबर डेन्व्हरच्या मराठी मंडळाच्या डिरेक्टरीत मिळाला. फोन केला तर म्हणाले, "तळघर रिकामं आहे. मांजर आणू नकोस."

ते मूळचे अकोल्याकडचे. शेतकी कॉलेज करून इकडे आले, मातीत डॉक्टरेट केली आणि सरकारी खात्यात माती तपासण्यात आयुष्य घालवलं. गाव त्यांना डॉक म्हणे. निम्म्या गावाला ते खरेच डॉक्टर वाटत. कुणी पोस्टात गाठून गुडघेदुखी सांगितली तर ते गंभीरपणे ऐकून घेत आणि हळद लावायला सांगत. मी विचारलं, तुम्ही डॉक्टर नाही हे सांगत का नाही? तर म्हणाले, "हळद लावायला डॉक्टर कशाला लागतो?"

काकू चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. त्या पुण्याच्या, मास्तरांची मुलगी. लग्न झाल्यावर त्यांनी दोन वर्षांत काकांची वऱ्हाडी मोडून काढली होती. त्यामुळे काका इतकं शुद्ध बोलत की माझं नाशिकचं मराठी त्यांच्यापुढे गबाळं वाटे. मुलगी नॉर्थ कॅरोलिनात, कॅरीला. ती दर रविवारी फोन करून "बाबा, इकडे या" म्हणे, आणि ते दर रविवारी "सीझन संपला की बघू" म्हणत.

सीझन म्हणजे शिकारीचा. काका शिकार करत, आणि तीही एकाच प्राण्याची, म्यूल डिअरची. हे तिकडचं हरीण. त्याचे कान खेचरासारखे लांब असतात, म्हणून ते नाव. काका त्याला लंबकर्ण म्हणत. मी त्यांना सांगितलं की मराठीत लंबकर्ण म्हणजे गाढव.

"खेचराचा बाप गाढवच असतो," ते म्हणाले, आणि विषय संपला.

वर्षाला एक हरीण मिळालं तर मिळे, नाही तर नाही. मिळालं की हिवाळाभर पुरे. त्यांच्या हातचा हरणाचा रस्सा मी खाल्लेला आहे. काळा मसाला त्यांचा स्वतःचा, आणि खोबरं भाजायला ते कुणालाही देत नसत. गायीचं मांस मात्र घरात येत नसे. एकदा डेन्व्हरला मंडळाच्या गणपतीत एका गृहस्थांनी त्यांना छेडलं, की तुम्ही बीफ खात नाही आणि हरणं मारता, शिवाय सरकारला पत्रं लिहिता की डोंगरावरून गायी हटवा, हे कसलं हिंदूपण? काकांनी हातातला मोदक संपवला.

"गाय पूज्य आहे, मान्य," ते म्हणाले. "पण डोंगरावर ती पाहुणी आहे. पाहुणीनं सप्टेंबरअखेर निघावं."

यामागे काय आहे ते मला पुढे त्यांच्याबरोबर हिंडताना कळलं. तिकडे डोंगर सरकारी, आणि उन्हाळाभर त्यावर रँचवाल्यांची गुरं परवान्यानं मोकळी चरतात. गुराखी नाही, दावं नाही. काका म्हणत, गवत हिरवं असेतो भांडण नाही. गाय गवत खाते, हरीण झुडपं आणि पाला खातं. पण सप्टेंबरात गवत वाळलं की गाय त्याच झुडपांकडे वळते, आणि ती झुडपं म्हणजे हरणाच्या हिवाळ्याची बेगमी. दुसरं भांडण पाण्याचं. गाय पाणी पिऊन निघून जात नाही, तिथेच बसते. हरीण लांबून बघतं आणि मागे फिरतं.

"हरणाला गायीची भीती नाही," ते म्हणत. "त्याला गर्दी नको असते. माझ्यासारखं."

पण ते एकतर्फी बोलत नसत. कोरड्या उतारावर रँचवाल्यांनीच टाक्या बांधल्या म्हणून हरणांना पाणी मिळालं, आणि वसंतात बेतानं चराई झाली तर झुडपं उलट जोमानं फुटतात, हेही ते लगेच सांगत. दोन्ही बाजू मांडल्याशिवाय शिव्या द्यायला त्यांची हरकत होती. मांडून झाल्यावर मात्र ते शिव्या मनसोक्त देत.

त्या डोंगरावरच्या गायी एका बाईच्या होत्या. सत्तरीची, नवरा वारल्यापासून रँच एकटीनं चालवणारी. तिचं आणि काकांचं वीस वर्षं भांडण चाललेलं होतं, आणि ते मुख्यतः पोस्टाच्या पायरीवर चाले. ती म्हणे, तुझी हरणं माझं कुंपण मोडतात. हे म्हणत, तुझ्या गायी माझी झुडपं खातात. दोघांचंही तिथे काही नव्हतं, डोंगर सरकारचा. ख्रिसमसला ती काकांना सफरचंदाची पेटी देई, कारण बाकीच्या गावाला ती बीफ देई आणि काकांचं तिला माहीत होतं.

या भांडणातूनच दोघांनी एक चांगली गोष्ट केली होती. डोंगरावर एक झरा होता. गायी त्याचा चिखल करून टाकत. काकांनी स्वतः खपून झऱ्याभोवती कुंपण घातलं, असं की हरीण उडी मारून आत जाईल आणि गाय जाणार नाही. एक फाटक ठेवलं, त्याला साखळी. आणि झऱ्याचं पाणी पाइपानं खाली दोनशे पावलांवर नेऊन गायींसाठी लोखंडी टाकी बसवली. पाणी दोघांचं, असा करार. कागदावर काही नाही. पाइपाचा व्हॉल्व जमिनीत एका पेटीत होता आणि त्याची चौकोनी चावी काकांच्या जुडग्यात असे, कारण पाइप त्यांनी घातला होता.

आता त्यांच्या नंबरचं सांगितलं पाहिजे. त्या झऱ्याच्या डोंगरावर शिकारीचा परवाना लॉटरीनं मिळे. अर्ज नामंजूर झाला की एक पॉइंट जमा होई, आणि पॉइंट पुरेसे साठले की कधीतरी नंबर लागे. काका तिथल्यासाठी काकू होत्या तेव्हापासून अर्ज करत होते. दर वर्षी नकार येई, आणि मग ते दुसऱ्या कुठल्या तरी भिकार उतारावर जाऊन येत. दोन हजार तीनच्या जूनमध्ये पाकीट आलं. ते त्यांनी मला उघडायला लावलं. नंबर लागला होता.

"वाचून दाखव," ते म्हणाले. मी वाचलं. "पुन्हा वाच."

मला वाटलं, आनंदानं म्हणतायत. पण त्यांना ती अक्षरं दिसत नव्हती. उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग पडला होता, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की डावाही त्याच वाटेनं चालला आहे, फार तर एक वर्ष. तोवर बंदुकीच्या दुर्बिणीत समोर आणून दिलेलं डाव्या डोळ्याला स्वच्छ दिसत होतं. नुसत्या नजरेनं शोधायला गेलं तर सापडत नव्हतं. म्हणजे तो डोंगर त्यांना मिळाला तो पहिल्यांदा आणि शेवटचा.

आमचा सौदा असा ठरला : ते मला गाडी शिकवतील आणि मी त्यांचे डोळे होईन. त्यांचा जुना पिकअप मी शिकले. मी डावखुरी आहे. काकांना उजव्या खांद्याची बंदूक डाव्यावर घ्यायची होती, म्हणून परसात ते मला झाडूची काठी धरायला लावत आणि माझा हात कुठे जातो ते हाताने चाचपत. "डावखुऱ्यांचं सगळं उलटं," म्हणत, "माठातलं पाणीसुद्धा उलट्या हातानं काढता."

उन्हाळाभर दर शनिवारी आम्ही डोंगरावर. मी दुर्बीण लावून सांगायचं, काय दिसतंय. सुरुवातीला मी दगडाला हरीण म्हणाले, हरणाला दगड म्हणाले. ऑगस्टपर्यंत नर-मादी ओळखू लागले. संध्याकाळी कुंपणावरून उड्या मारून हरणं झऱ्यावर येत, आणि त्यांत एक नर होता, शिंगांच्या दोन्ही बाजूंना चांगल्या फांद्या असलेला. मी त्याचं वर्णन करायची आणि काका डोळे मिटून ऐकायचे.

"कान?" ते विचारत.

"लांब."

"मग तोच."

आणि त्या डोंगरावर मी त्यांची वऱ्हाडी ऐकली. माणसांशी कधी नाही, फक्त गायींशी. वाटेत गाय आडवी उभी असली की ते खाली उतरत, तिच्या पाठीवर हात ठेवत आणि अगदी खालच्या आवाजात म्हणत, "सरक वं माय. काहून अडून रायली? तुले कितीदा सांगू?" आणि ती गाय, कोलोरॅडोत जन्मलेली, सरकायची. मी "चला चला", "शू शू", "मूव्ह" सगळं करून पाहिलं. माझ्याकडे त्या बघतही नसत.

सप्टेंबर संपला. बाकीची गुरं उतरली, पण अठरा गायी आणि त्यांची वासरं राहिली. काका रोज मला विचारत, काही ट्रेलर गेला का वरच्या रस्त्यानं? नाही. ऑक्टोबर सुरू झाला. गायी झऱ्याच्या खालच्या टाकीभोवती तळ ठोकून, आणि हरणं वर येऊन बघून परत. "बाई मुद्दाम करतेय," काका म्हणाले. त्यांचं जेवण कमी झालं.

एका गुरुवारी मी ऑफिसातून आले तर पिकअप चिखलानं भरलेला. डॉक्टरांनी गाडी मना केली होती. मी चांगलीच रागावले.

"काम होतं," एवढंच म्हणाले. एरवी ते कशाचंही अर्धा तास स्पष्टीकरण देत.

पाठोपाठच्या रविवारी त्यांना ताप होता, म्हणून मी एकटीच वर गेले. शनिवारी सीझन उघडणार होता. मला फक्त बघून यायचं होतं, झऱ्यावर कोण आहे, गायी की हरणं.

गायी टाकीपाशी होत्या. टाकी कोरडी ठणठणीत. बहुतेक गायी टाकीला तोंड लावून उभ्या, आणि एक तर आतला लोखंडी पत्रा चाटत होती. तो आवाज मला आवडला नाही. काही वर चढून कुंपणाशी आल्या होत्या, तारेतून मान घालून. आत झरा चमकत होता. एका वासरानं माझ्याकडे बघून हंबरडा फोडला.

आमच्याकडे नाशिकला जेवायच्या आधी गायीचा घास बाजूला काढतात. दारात गाय आली आणि तिला पाणी न पाजता परत पाठवलं, असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मला नियम माहीत होता. दीड वर्ष मी त्या नियमात राहत होते. तरी मी साखळी काढली आणि फाटक उघडलं.

त्या कितीतरी वेळ पीत होत्या. मी ठरवलं होतं की पिऊन झालं की बाहेर काढू आणि फाटक लावू. ते काही जमलं नाही. मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, शेवटी "सरक वं माय" सुद्धा म्हणून पाहिलं. त्या आत चिखलात बसल्या. त्यांना आत कोंडून फाटक लावणं बरं दिसेना, म्हणून मी ते उघडं ठेवलं, साखळी खांबाला अडकवली आणि घरी आले.

"कोण होतं?" काकांनी विचारलं.

"गायी," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. पण मी पुढचं सांगितलं नाही, कारण मला त्यांची भीती वाटली.

सीझन नऊ दिवसांचा. काका त्याला लंबकर्णाचं नवरात्र म्हणत. पहिल्या दिवशी आम्ही दोघं कायद्यानं लागतो तो झगझगीत केशरी अंगरखा आणि टोपी घालून पहाटे निघालो. "भगवं घालून शिकारीला निघालेला मी एकटाच," असं ते दर वर्षी म्हणत असणार, कारण म्हणून झाल्यावर माझ्या हसण्यासाठी थांबले. उजाडलं. झऱ्यावर अठरा गायी, कुंपणाच्या आत. सगळा चिखल. हरणाचा एक खूर नाही.

काका फाटकापाशी गेले. खांबावर हात फिरवून साखळी चाचपली. मग आत गेले आणि गायींमध्ये उभे राहिले.

"हाकलायचं नाही?" मी विचारलं. त्यांनी नुसतं "सरक वं" म्हटलं असतं तरी त्या निघाल्या असत्या.

"पिऊ दे," ते म्हणाले.

मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं, आणि त्यामुळे माझं तोंड आणखीच शिवलं गेलं. दिवसभर आम्ही दुसऱ्या उतारांवर पाय तोडले. काही नाही. रविवारीही नाही. खाली उतरताना रस्त्यात त्या बाईची गाडी समोरून आली. ती थांबली, दार उघडून खाली उतरली, आणि तेव्हा आम्हाला दिसलं की ती कुबड्यांवर होती. ऑगस्टअखेर घोड्यावरून पडून कंबरेचं हाड मोडलं होतं, आणि तेव्हापासून ती लांबच्या हॉस्पिटलात होती, नुकतीच घरी आली होती. कामाचा माणूस बाकीची गुरं उतरवून मध्येच सोडून गेला होता.

"गायी उतरवायला माणूस शोधतेय, डॉक," ती म्हणाली. "उशीर झाला, मला माहीत आहे. तुझा सीझन आहे, तेही माहीत आहे. सॉरी." मग म्हणाली, "आणि कुणीतरी सांगितलं, टाकीत पाणी नाही. व्हॉल्व गेला का?"

काका म्हणाले, "पाहतो."

पुढचा आठवडा तसाच गेला. मी ऑफिसला जायची, काका खुर्चीत बसून असायचे. माझ्या मनात एकच चाले : या माणसाला आयुष्यात एकदा हा डोंगर मिळाला, आणि तो मी घालवला. एक फाटक. सांगायला म्हणून जिना चढायची आणि चहा ठेवून परत तळघरात यायची.

दुसऱ्या शनिवारी आम्ही पुन्हा कड्यावर बसलो. खाली तेच, चिखल आणि गायी. मी दुर्बीण खाली ठेवली.

"काका, फाटक मी उघडलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "साखळी डाव्या हातानं अडकवलेली आहे."

"मग बोलला का नाहीत?"

ते खालीच बघत होते, जरी त्यांना दिसत नव्हतं. "प्यायल्या का पोटभर?"

"हो. खूप वेळ पीत होत्या."

ते उठले. बंदूक माझ्याजवळ ठेवली आणि काठी टेकत उतार उतरू लागले. मी मागून गेले. झरा ओलांडून ते खाली टाकीपाशी गेले, गुडघ्यांवर बसले, जमिनीतल्या पेटीचं झाकण काढलं. जुडग्यातली चौकोनी चावी हातानं हुडकली आणि तीन वेळा फिरवली. पाइप खोकला, गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ.

व्हॉल्व बिघडलेला नव्हता.

"त्या गुरुवारी," काका म्हणाले. "वाटलं, तहान लागली की खालच्या ओढ्यावर उतरतील. उतरल्या की हरणं येतील. मला वाटलं, बाई हट्टाला पेटली आहे." ते पेटीचं झाकण हातात घेऊन तसेच बसले होते. "उतरल्या नाहीत. उभ्याच राहिल्या. आमच्या घरी आधी गुरांचा हौद भरायचा, मग घरातले हंडे. मला हे माहीत नव्हतं, असं काही नाही."

मला रडू आलं. आणि संतापही आला, कारण दोन आठवडे मी त्यांच्यापुढे चोरासारखी वावरत होते आणि ते माझ्यापुढे. मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग म्हणाले, "जा, बंदूक गाडीत ठेवून ये. पिकअप इकडे आण."

"अजून आजचा दिवस आहे, काका. उद्याचा आहे."

"या गायी घरी न्यायच्या आहेत," ते म्हणाले.

रँच चार मैल खाली. ते गायींच्या मागे चालत, आणि मी त्यांच्या मागे पिकअप पहिल्या गिअरमध्ये. केशरी टोपी, केशरी अंगरखा, हातात काठी, आणि तोंडानं अखंड वऱ्हाडी. "चाल वं. कुठी चालली? इकडं ये ना माय. तुयी मालकीण वाट पाहून रायली." दमले की मागे येऊन पिकअपच्या मागच्या फळीवर बसत आणि तिथून हाका मारत. मी आरशात बघत असे. वाटेत दोन शिकारी भेटले, त्यांनीही केशरीच घातलं होतं. त्यांनी गाडी बाजूला घेऊन टोप्या काढल्या. त्यांना काय वाटलं असेल, कोण जाणे.

वाटेत तीन फाटकं लागली. तिन्ही बंद होती. प्रत्येक वेळी मी उतरून पुढे जाऊन उघडलं, शेवटचं वासरू आणि पिकअप पार झाल्यावर लावलं, आणि काका मागे वळून विचारत, "कसं होतं?" मी सांगे, "बंद." "मग बंद कर."

बाई अंगणात कुबड्यांवर उभी होती. मी गाडीतच बसले. काकांनी टोपी काढली आणि तिला सगळं सांगितलं. काय शब्दांत, ते मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी जुडग्यातून चौकोनी चावी काढून तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली नाही. थोड्या वेळानं काका परत येऊन बसले.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पाइप तू घातलास, चावी तूच ठेव." त्यांनी दार ओढून घेतलं. "आणि विचारलं, हरीण मिळालं का. नाही म्हटलं. तर म्हणाली, बरं झालं."

रविवारी ते गेले नाहीत. परवाना तसाच खिशात राहिला. पुढच्या वर्षी अर्जाची वेळ आली तेव्हा त्यांनी अर्ज मागवलाच नाही, आणि मीही आठवण केली नाही. त्या उन्हाळ्यात मुलगी येऊन त्यांना कॅरीला घेऊन गेली. माझी नोकरी बदलली, मी मॅसॅच्युसेट्सला श्रूजबरीत आले, लग्न केलं. माझ्या घरातली दारं कशीही असतात, आणि मला अजूनही ते टोचतं.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात ऑफिसच्या कामानं मी त्यांच्या भागात गेले होते, तेव्हा त्यांना भेटले. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं. मी आत आल्याबरोबर काका म्हणाले, "दार कसं होतं?" मी म्हटलं, "लोटलेलं." "हं," ते म्हणाले. मुलीनं चहा केला. तिच्याकडच्या किल्ल्यांच्या खुंटीवर ती चौकोनी चावी होती. ती म्हणाली, "ही कशाची, ते बाबा सांगत नाहीत आणि फेकूही देत नाहीत." मी चहा छान झालाय म्हटलं.

फोन वाजला. नातीनं उचलला आणि ओरडली, "आजोबा, इट्स द काउ लेडी." मुलगी हसून मला म्हणाली, "दर ऑक्टोबरला येतो." काकांनी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावायला सांगितलं आणि पाठ सरळ केली.

"डॉक," ती लांबची बाई म्हणाली, "टाकी भरलेली आहे."

"गायी?"

"तीस सप्टेंबरला उतरवल्या."

"फाटक?"

"बंद. जसं होतं तसं." मग म्हणाली, "आणि ऐक, काल तुझा लॅम्बकर्न झऱ्यावर होता. मी गाडीतून पाहिला. मोठा."

"कान?" काकांनी विचारलं.

"लांब."

त्यांनी मान हलवली. दोघांनी एकमेकांना तब्येतीचं विचारलं, ती तिच्या कंबरेबद्दल काहीतरी म्हणाली, यांनी हळद सांगितली, आणि फोन बंद झाला. काकांनी टेबलावर चाचपून कप उचलला. चहा निवला होता.

"प्यायला का, ते विचारायचं राहिलं," ते मला म्हणाले. "परत लाव."

मी परत फोन लावला.